कंदीलपुष्पाचा सातबारा

२०२४ च्या सुरुवातीला कोल्हापूरकडून एक बातमी आली आणि दोन दिवस सगळ्या ग्रुपांवर फिरत राहिली. विशाळगडावर कंदीलपुष्पाची, म्हणजे कंदिलासारखी फुलं येणाऱ्या वेलीची, नवी प्रजाती सापडली होती आणि कोल्हापूरच्या न्यू कॉलेजचे अभ्यासक, वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला शिवरायांचं नाव दिलं होतं : सेरोपेजिया शिवरायीना. अभिनंदनाचे ढीग पडले, आणि त्या ढिगाखाली दोन प्रश्न बिनउत्तराचे राहिले. एक : वेल गडावर आधीपासून होतीच ना, मग नवी कशी? दुसरा : आता ती विद्यापीठाच्या बागेत लावली की वाचलीच, मग एवढी चिंता कसली?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दोन्हींची उत्तरं वनस्पती उद्यानात मिळतात. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या लेखी वनस्पती उद्यान म्हणजे शाळेची सहल, वडाच्या पारंब्या आणि 'फुले तोडू नयेत'ची पाटी.

नवी म्हणजे कुणाला नवी?

गडाखालच्या गुराख्याला ती नवी असण्याचं कारण नाही. सह्याद्रीत कंदीलपुष्पांचे कंद खरपुडी म्हणून पिढ्यानपिढ्या खाल्ले गेलेत. 'नवी प्रजाती' म्हणजे ज्यांना शास्त्रीय नाव मिळालंय अशा कुठल्याही वनस्पतीशी ती जुळत नाही, हे कुणीतरी पुराव्यानिशी दाखवलं, इतकंच.

आता पुरावा म्हणजे काय? फांदी फुलापानांसकट वर्तमानपत्रात दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची : कुणी, कधी, कुठे, किती उंचीवर गोळा केली, फुलाचा ताजा रंग कसा होता. (वाळल्यावर रंग उडतो, म्हणून ते तिथेच लिहायचं. संध्याकाळी मुक्कामावर लिहू म्हणणाऱ्याचं जांभळं हमखास तपकिरी होतं.) अशा कागदांच्या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. प्रत्येक शास्त्रीय नाव अशा एका ठरावीक कागदाला बांधलेलं असतं. त्याला 'टाइप' म्हणतात. वाद झाला की पुस्तक बाजूला ठेवून तो कागद काढतात. नवं नाव द्यायचं तर नवा टाइप मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये जमा करायचा आणि वर्णन छापायचं. हे वर्णन पूर्वी लॅटिनमध्येच लागायचं. २०१२ पासून इंग्रजी चालतं आणि कित्येक संशोधकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

म्हणजे 'ही नवी' असं म्हणण्याआधी 'ती जुनी कुठलीच नाही' हे सिद्ध करावं लागतं आणि त्यासाठी सगळे जुने कागद हाताशी लागतात. भारतात कंदीलपुष्पाच्या साठच्या आसपास प्रजाती आहेत, निम्म्याहून जास्त इथे सोडून जगात कुठेच नाहीत. आपल्याकडचे बरेच कागद पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात आणि मुंबईत झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये आहेत. पण एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी गोळा केलेले कितीतरी टाइप लंडनच्या क्यू उद्यानात आणि एडिंबराला जाऊन पडले. सह्याद्रीतल्या झाडाचं नाव पक्कं करायला थेम्सच्या काठी जावं लागायचं! आता बऱ्याच कागदांचे फोटो घरबसल्या बघता येतात.

बाग आणि वनस्पती उद्यान यांत फरक काय?

दोन्हीकडे झाडं असतात, माळी असतात, पाण्याचा पाइप असतो. फरक आहे तो सातबाऱ्याचा.

जमीन डोळ्यांना दिसते, पण ती कुणाची आणि कुठून आली हे सातबारा सांगतो. सात नंबरात हक्क आणि मूळ, बारा नंबरात त्या वर्षी काय पिकलं, आणि मध्ये काही बदललं तर फेरफार. वनस्पती उद्यानात आलेल्या प्रत्येक रोपाचा असाच उतारा असतो. रोप किंवा बी दारातून आत आलं की त्याला प्रवेश क्रमांक मिळतो, सहसा वर्ष आणि अनुक्रम असा. त्या क्रमांकापुढे लिहिलं जातं की हे अमक्या डोंगराच्या कुठल्या उतारावरून आणलं, किती वेलींवरून बी घेतलं, कुणी घेतलं, कुणाच्या परवानगीने. मग दरवर्षीची नोंद : किती रुजली, फुलली का, शेंग धरली का, मेली तर कशाने. पुढे एखाद्या तज्ज्ञाने ओळख बदलली तर तोही फेरफार चढतो, आणि जुनं नाव खोडायचं नसतं.

मूळ किती खात्रीचं, यावरून जगभरातल्या उद्यानांनी रोपांचे चार वर्ग केलेत : थेट रानातून आणलेलं, रानातल्या रोपाच्या बी-कलमापासून वाढवलेलं, बागेतच पैदास झालेलं आणि 'माहीत नाही'. हा चौथा वर्ग सगळ्यांत मोठी डोकेदुखी. रोप ठणठणीत असतं, फुलतंही छान, पण संवर्धनाच्या कामाला जवळजवळ निरुपयोगी. कुठल्या डोंगराचं ते ठाऊक नसलेलं रोप कुठल्या डोंगरावर परत लावणार?

माझं तर मत असं की वनस्पती उद्यानाची किंमत त्याच्या झाडांपेक्षा त्याच्या रजिस्टरावर ठरते. झाड मेलं तर कागदावरून पुन्हा त्या उतारावर जाऊन बी आणता येतं. कागद गेला तर झाड उरतं ते शोभेला.

वाळलेला पाला कशाला सांभाळायचा?

हा आक्षेप नेहमीचा. कसरीची भीती, दमट हवेत बुरशीची भीती, वर वातानुकूलित खोल्यांचा खर्च. आता तर फोटो निघतात, मग?

फोटोतून डीएनए निघत नाही. १८४५ नंतर आयर्लंडात बटाट्यावर करपा पडला, दुष्काळ आला आणि सुमारे दहा लाख माणसं मेली. करप्याचा नेमका कुठला वाण आला होता याचा दीडशे वर्षं नुसता अंदाजच चालला होता. २०१३ साली संशोधकांनी क्यू आणि म्युनिक इथल्या हर्बेरियममधली एकोणिसाव्या शतकातली करपलेली बटाट्याची पानं घेतली, त्यातून रोगजंतूचा डीएनए वेगळा केला आणि वाण पकडला. आजवर ज्याच्यावर संशय होता त्याहून तो वेगळाच निघाला. ज्याने ती पानं चिकटवली त्याला डीएनए हा शब्दही माहीत नव्हता. त्याने फक्त तारीख आणि ठिकाण नीट लिहिलं होतं.

अशाच कागदांवरून एखादं झाड शंभर वर्षांपूर्वी कुठल्या महिन्यात फुलायचं आणि आता कधी फुलतं हे ताडून बघता येतं. एखादी वेल कुठल्या घाटातून नाहीशी झाली हेही तिथेच कळतं, कारण ती तिथे होती याचा दुसरा साक्षीदार उरलेला नसतो.

बी गोठवून ठेवलं की झालं?

काहींच्या बाबतीत, हो. बी जितकं कोरडं आणि जितकं थंड, तितकं ते जास्त टिकतं. ढोबळ नियम असा की बियाण्यातला ओलावा एक टक्क्याने कमी केला तर त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि तापमान पाचेक अंशांनी उतरवलं तर पुन्हा दुप्पट. म्हणून बीजपेढीत बी आधी हळूहळू वाळवतात, मग हवाबंद डब्यात किंवा पाकिटात भरून उणे २० अंशांवर ठेवतात. क्यू उद्यानाची वेकहर्स्टची मिलेनियम सीड बँक २००० साली उघडली. तिथे आज सुमारे ४० हजार प्रजातींचं बी आहे. ते नुसतं पडून नसतं. ठरावीक वर्षांनी थोडं काढून रुजवून बघतात. उगवण घसरली की नवं बी आणायची वेळ आली.

पण कोकणातल्या माणसाला यातली मेख लगेच कळेल. आंबा, फणस, जांभूळ, कोकम यांचं बी वाळवलं की मरतं. ते ओलं असतानाच रुजायला हवं. सह्याद्रीच्या सदाहरित रानातल्या पुष्कळ झाडांची हीच तऱ्हा. त्यांना तिजोरी चालत नाही. जिवंत झाडच राखावं लागतं, म्हणजे जमीन, पाणी, माणूस, आणि तेही पन्नास-शंभर वर्षं. बीजपेढीचे फोटो झकास येतात, म्हणून पैसा तिकडे लवकर वळतो. जिवंत संग्रह राखणाऱ्या माळ्याचा फोटो कुणी काढत नाही.

रिकामी कुंडी

कंदीलपुष्पाकडे परत येऊ, कारण यातली सगळी कटकट त्याच्यापाशी एकत्र बघायला मिळते.

हे रुईच्या कुळातलं. पावसाळ्यात कड्याच्या कपारीत किंवा सड्यावरच्या, म्हणजे सपाट कातळपठारावरच्या, गवतात कंदातून कोंब वर येतो आणि श्रावण-भाद्रपदात फुलतो. फूल म्हणजे तळाशी फुगीर नळी, वर पाच पाकळ्या टोकांशी जुळलेल्या, कंदिलाच्या पिंजऱ्यासारख्या. बारीक माशी वासाने आत शिरते. नळीतले केस खालच्या बाजूला वळलेले, त्यामुळे आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. माशी तळाशी धडपडते आणि त्या धडपडीत परागांची जोडपुडी तिला चिकटते. मग केस सुकतात, वाट मोकळी होते, आणि माशी शहाणी न होता दुसऱ्या फुलात शिरते. फळ धरलं तर दोन बारीक शेंगा, आणि त्या तडकल्या की रुईसारख्याच म्हाताऱ्या उडतात.

आता हे कुंडीत करायचं. ती माशी कुंडीपाशी येईलच असं नाही. मग नळी उभी चिरून, भिंगाखाली, सुईच्या टोकाने ती परागांची जोडपुडी काढायची आणि दुसऱ्या फुलातल्या नेमक्या फटीत बसवायची. हात जरा हलला की फूल वाया. पाणी जरा जास्त झालं की कंद सडतो. आणि सगळं जमलं तरी पाऊस सरल्यावर वेल वाळून नाहीशी होते. सात-आठ महिने कुंडीत नुसती माती दिसते. नव्या माणसाने ती माती दुसऱ्या कुंडीत ओतली की संपलं. त्या काळात आत काहीतरी जिवंत आहे हे सांगणारी एकच गोष्ट असते, कुंडीत खोचलेली क्रमांकाची पट्टी.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने हे काम वर्षानुवर्षं केलंय. गोवा आणि उत्तर कानडाच्या पट्ट्यातलं, अगदी मोजकं उरलेलं सेरोपेजिया फँटास्टिका तिथल्या प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाने वाढवलं गेलं. ऊतीसंवर्धन म्हणजे वनस्पतीच्या इवल्याशा तुकड्यापासून बाटलीत रोपं करणं. आपल्या केळीची रोपं होतात तशीच. ती रानात परत लावण्यावरचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला.

मग उद्यानात आहे म्हणजे वाचलं, नाही का?

नाही. इथे दक्षिण आफ्रिकेतल्या एका सायकसवर्गीय झाडाची गोष्ट सांगायला हवी. एन्सेफॅलार्टोस वुडिआय. १८९५ साली जॉन मेडली वुड यांना ओंगोये जंगलात त्याचा एकच गड्डा सापडला. डर्बनच्या उद्यानात त्याचे फुटवे नेले, क्यूला एक गेला आणि आज जगातल्या कितीतरी उद्यानांत हे झाड दिमाखात उभं आहे. अडचण एवढीच की ते नर होतं. सायकसात नर-मादी वेगवेगळी असतात आणि वुडिआयची मादी आजवर कुणालाही सापडलेली नाही. म्हणजे जगभर जी झाडं आहेत ती सगळी त्या एकाच नराचे फुटवे. सव्वाशे वर्षं झाली, नवरदेव मांडवात उभाच आहे.

कलमाने आणि ऊतीसंवर्धनाने रोपं हजारांनी होतात, पण एकाच मायवेलीपासून केली तर ती सगळी एकच वेल. एक रोग आला की सगळी एकदम जातील. म्हणून बी पुष्कळ वेलींवरून, शक्य तर पुष्कळ जागांवरून घ्यावं लागतं आणि कुठलं कुणाचं याची सरमिसळ टाळावी लागते. दोन जवळच्या प्रजाती शेजारी ठेवल्या आणि त्यांचा संकर झाला, तर त्या बियांतून जे उगवेल ते कुठल्याच डोंगराचं नसेल.

२०१७ साली जगातल्या वनस्पती उद्यानांच्या नोंदींचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात दिसलं की ज्ञात वनस्पतींपैकी किमान ३० टक्के आणि धोक्यात असलेल्यांपैकी ४१ टक्क्यांहून जास्त प्रजाती कुठल्या ना कुठल्या उद्यानात आहेत. आकडा ऐकून बरं वाटतं. पण याच अभ्यासानुसार ज्या प्रजाती एकाही उद्यानात नाहीत त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश उष्ण कटिबंधातल्या आहेत, आणि उद्यानं मात्र मुख्यतः थंड देशांत. ज्यांना गरज जास्त, त्यांच्याच नावची कुंडी नाही.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा डोंगरच वाचवा ना

हा सगळ्यांत बळकट आक्षेप आणि तो बरोबर आहे. उद्यान रानाची जागा घेऊ शकत नाही. कुंडीत वेल येते. तिची माशी, तिची कपार, तिच्या मुळाशी असलेली बुरशी येत नाही. नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरून २००६ साली सेरोपेजिया अंजनेरिकाचं वर्णन झालं आणि पुढे त्या डोंगराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. गडावर जाणाऱ्या रस्त्याचा प्रस्ताव आला तेव्हा विरोध करणाऱ्यांच्या हाती या वेलीचं नाव होतं.

पण नीट बघा, इथे कागदानेच डोंगराला हात दिला. नाव नसतं, टाइप नसता, ठिकाणाची नोंद नसती, तर सरकारदरबारी म्हणणार काय? 'तिथे एक छान वेल आहे'? सड्यांची तर मोठीच अडचण आहे. आठ महिने ते भकास कातळ दिसतात, महसूल दप्तरी पडीक म्हणून लागतात, आणि खाण असो की पवनचक्की, जागा शोधणाऱ्याची नजर आधी तिथेच पडते. पावसाळ्यात तिथे काय उगवतं याची नोंद हाच त्यांचा बचाव.

आणि जिथे डोंगर वाचवण्यात आपण हरतो, तिथे उद्यानातला संग्रह ही शेवटची शिल्लक. शिल्लक आहे म्हणून उधळपट्टी करायची नसते. 'झाडं दुसरीकडे लावून देऊ' असं सांगून परवानग्या मिळवणारे हाच युक्तिवाद उलटा वापरतात, म्हणून हे स्पष्ट लिहिलेलं बरं.

पण याच उद्यानांनी आमची झाडं पळवली ना?

पळवली, आणि यावर पांघरूण घालायचं कारण नाही. १८७६ साली हेन्री विकमने ब्राझीलमधून रबराच्या सुमारे ७० हजार बिया क्यूला आणल्या. त्यातली थोडीच रुजली, पण त्यांच्या रोपांवर सिलोन आणि मलायातले मळे उभे राहिले आणि ब्राझीलचा रबराचा धंदा बसला. कोलकात्याजवळचं हावड्याचं उद्यान ईस्ट इंडिया कंपनीने १७८७ मध्ये काढलं ते व्यापाराचा हिशोब मांडूनच.

आपल्या पुण्याजवळ, दापोडीलाही असं एक उद्यान होतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. १८२८ साली सुरू झालं, १८६० च्या दशकात बंद पडलं. तिथला अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन पेशाने डॉक्टर. सरकारी दवाखान्यांसाठी औषधी वनस्पती पिकवणं हे तिथलं मोठं काम. पुढे तोच मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याने १८४७ ते १८५० या काळात एका चित्रकाराकडून झाडांची चित्रं काढून घेतली. चित्रं एडिंबराच्या उद्यानात सुखरूप आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. झाडाचा क्रमांक लिहायचा आणि माणसाचं नाव गाळायचं, ही त्या काळच्या रजिस्टरांची रीत.

आज नियम वेगळे आहेत. १९९२ च्या जैवविविधतेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जैवसंपदेवर त्या त्या देशाचा हक्क आहे आणि आपल्याकडे २००२ चा जैवविविधता कायदा आहे. परदेशी संशोधकाला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि गावपातळीवर जैवविविधता समिती व लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या जैवसंपदेची नोंद, असायला हवी. कागदावर ती पुष्कळ ठिकाणी आहे. ती गावात कुणी उघडून बघितली का, हा ग्रामसभेत विचारण्यासारखा प्रश्न आहे.

तुम्हालाच कंदीलपुष्प दिसलं तर

ऑगस्ट-सप्टेंबरात गडावर जाणार असाल तर दिसूही शकेल. कंद उकरू नका. घरच्या कुंडीत तो एक पावसाळा टिकला तरी खूप झालं. फोटो काढाल तर फूल बाजूने आणि वरून, पान दोन्ही अंगांनी, आणि वेल कशाला टेकलीय ते असे काढा. नुसत्या फुलाच्या एका सुंदर फोटोवरून ओळख पटतेच असं नाही. जागा सोशल मीडियावर टाकू नका, फोटोतलं लोकेशन बंद करा, कारण दुर्मीळ कंदांना गिऱ्हाईक असतं. जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाला मात्र नेमकं ठिकाण आणि तारीख कळवा. ते तुम्हाला आधी विचारतील, एकच वेल होती की आणखी होत्या, म्हणून आजूबाजूला बघून मोजून ठेवा, आणि मोजताना पाय जपून टाका.